गाडीवरची पाटी आणि दादाचं गाऱ्हाणं

दादा, देवगडच्या स्टँडवर तू माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवलीस तो दिवस आठवतो का रे? बावीस वर्षं झाली. मी अठराची, तू एकवीसचा. आईने कुळथाच्या पिठाचा डबा माझ्या मांडीवर ठेवला होता आणि बाबा नेहमीसारखे दुसरीकडे बघत उभे होते. डी.एड.साठी मी भांडुपला मावशीकडे निघाले होते. आपल्या घरातून शिकायला मुंबईला जाणारी पहिलीच. आणि तू काय करत होतास? कंडक्टरला तिसऱ्यांदा विचारत होतास, "भाऊनू, ही बोरिवलीचीच मां?"

गाडीवर हातभर मोठ्या अक्षरांत पाटी होती. मी खिडकीतून चार माणसांत ओरडले, "दादा, पाटी वाच की रे! शाळेत काय गुरं राखायला गेला होतास?" लोक हसले. बाबा तर लगेच म्हणाले, "ह्येच्या डोक्यात काथ्याच भरलो हा." तूही हसलास. म्हणालास, "तू शिकलंस, तू वाच. माका इचारूक बरा वाटता." मग गाडी सुटली आणि मी आईसाठी रडले. तुझ्यासाठी रडायचं मला सुचलंसुद्धा नाही.

हे मी लिहितेय खरं, पण तू वाचत बसू नकोस. लिहून झालं की वाचून, रेकॉर्ड करून पाठवणार आहे. आपल्या वाडीतले जे जे माझ्यासारखे इकडे येऊन भांडुप-मुलुंडचे झालेत, त्यांनाही ऐकवणार आहे. त्यातल्या बऱ्याच जणांनी तुला हसून घेतलंय.

मावशीची खोली टेकडीवर होती. पाण्याच्या हंड्यासकट चढताना पहिल्या आठवड्यातच माझी वाट लागली. पण चाळीत अर्धं मालवण. सकाळी शेजारच्या काकी माशांवरून भांडायला लागल्या की मला वाटायचं, आपण कुठे गेलोच नाही. हळूहळू मी ‘गो’ सोडून ‘यार’ म्हणायला शिकले, रिक्षावाल्याशी हिंदीत हुज्जत घालायला शिकले. नोकरी लागली, लग्न झालं, टेकडीवरून खाली सपाटीला बिऱ्हाड आलं. शाळेत ज्या मुलांना सगळे ‘ढ’ म्हणायचे ती का कोण जाणे माझ्याच भोवती जमायची, म्हणून मी विशेष शिक्षणाचा कोर्स केला.

त्या कोर्सात एके दिवशी, वाचायला अडणाऱ्या मुलांना पान कसं दिसतं ते कळावं म्हणून मॅडमनी आम्हाला एक कागद दिला. अक्षरं उलटीसुलटी, काने-मात्रे भलतीकडेच. उभं राहून मोठ्याने वाचा म्हणाल्या, आणि वर घाई करायला लागल्या. मी दुसऱ्याच शब्दाला अडले. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. आणि एकदम मला ती खिडकी दिसली, ती पाटी दिसली, हसणारा तू दिसलास. सातवीत तुझी शाळा का सुटली, धड्याच्या दिवशी तुझ्या पोटात का दुखायचं, सगळं पाच मिनिटांत कळलं. बाथरूममध्ये जाऊन मी ढसाढसा रडले.

आणि तुला सांगितलं का? नाही. लाज वाटली. फोनवर आंब्याचा भाव विचारायचा, पावसाचं विचारायचं, आणि ठेवून द्यायचा. अशी नऊ वर्षं काढली. दुसऱ्यांच्या आईबापांना रोज समजावणारी मी, सख्ख्या भावाशी दोन वाक्यं बोलायला घाबरत होते.

माझा वर्ग म्हणजे शाळेच्या जिन्याखालची एक खोली. रिसोर्स रूम म्हणतात तिला. अकरा मुलं. तन्मय एका जागी दोन मिनिटं बसला तर मी पेढे वाटेन. स्वरा पाचवीत आहे, आमच्याच गल्लीत राहते, डोकं झकास. पण एक ओळ वाचायला तिला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात बाकीच्यांचं पान होतं, म्हणून तिने वाचणंच सोडलेलं. विचारलं की पेन्सिल हरवली, चष्मा विसरला, पोटात दुखतंय. पोर सकाळी कुठल्या मनाने आलंय ते आधी समजलं पाहिजे, म्हणून मी भिंतीवर चेहऱ्यांचा तक्ता लावला होता. आज कसं वाटतंय? सगळी मुलं हसऱ्या तोंडावर बोट ठेवून मोकळी व्हायची. टीचरला काय पाहिजे ते मुलांना बरोबर कळतं.

एकदा तन्मयने रागाने तो तक्ताच फाडला. आता ओरडू की हसू, या घोळात माझ्या तोंडून आपल्या देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला घालतात ते गाऱ्हाणं निघालं. "बा देवा म्हाराजा, ह्या तन्मयाक आज कोणीतरी सतावलेला हा, तेचो राग शांत कर रे म्हाराजा!" आणि सगळ्यांनी म्हणायचं तेही मीच म्हटलं, "व्हय म्हाराजा!" मग वर्गात जो काय कल्ला झाला! दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी गाऱ्हाणं. गुजराती पोरगी, उत्तर प्रदेशातला पोरगा, सगळे देवाकडे मालवणीत मागणं मागतात. "बा देवा म्हाराजा, पप्पांनी घरी ओरडू नये." व्हय म्हाराजा! "आज गणिताचा तास उडू दे." व्हय म्हाराजा! चेहऱ्यांच्या तक्त्याने वर्षभरात जे सांगितलं नव्हतं ते आठवड्यात कळलं. फक्त स्वरा गाऱ्हाणं घालायची नाही. नुसती ‘व्हय’ म्हणायची.

मला पूर्ण गाऱ्हाणं येत नव्हतं. बाबा गेल्यापासून देवळात ते तू घालतोस, म्हणून तुला मेसेज केला, लिहून पाठव. तू वाचलास. उत्तर नाही. पुन्हा केला. तिसऱ्यांदा तर चिडून लिहिलं, "चार ओळी लिहायला काय होतं रे तुला?" आणि त्याच दुपारी शाळेत नवीन आलेल्या बाई स्वराची रिकामी वही घेऊन आल्या, पोरगी आळशी आहे म्हणाल्या. मी ताडकन बोलले, "आळशी नाही हो ती. लिहिणं जड जातं तिला. लिही लिही म्हणून मागे लागलात तर बोलायचीसुद्धा बंद होईल."

माझेच शब्द, आणि ते माझ्यावरच उलटले. कोर्स केलेली, सर्टिफिकेट भिंतीवर लावलेली शहाणी मी. आणि कोणाला लिहायला लावत होते?

त्याच क्षणी तुला फोन लावला. सगळं सांगितलं. पाटीचं, कागदाचं, नऊ वर्षांचं. दादा, तू ढ नव्हतास, तुझी वाचायची तऱ्हा वेगळी होती आणि ती ओळखणारं आपल्याकडे कोणी नव्हतं, आणि मी तर तुला हसले. माफ कर. तू मला सगळं परत एकदा सांगायला लावलंस. मग म्हणालास, "म्हणजे माज्या डोक्यात काथ्या नाय?"

"नाही रे दादा."

"बाबांका सांगूक होया होता गो," म्हणालास, आणि त्रेचाळीस वर्षांचा तू लहान पोरासारखा रडलास. मग नाक पुसून म्हणालास, लिहून कशाला, मीच येतो.

डिसेंबरात आलास. वर्गात पांढरा सदरा घालून उभा राहिलास, हात जोडलेस, आणि आवाज असा लावलास की शिपाई धावत आला. "बा देवा म्हाराजा, आज ही जी काय तुझी लेकरां हय जमली हत, तेंका सांभाळ. कोणाक वाचूक जमना नाय, कोणाक एका जागी बसूक जमना नाय, कोणाचो राग आवरना नाय. तेंका कोण ढ म्हणीत असात, तर तेका आधी सद्बुद्धी दी रे म्हाराजा!" मुलांनी छप्पर उडवलं. स्वराने तुला सरळ विचारलं, काका, तुम्हाला पण जमत नाही? तू म्हणालास, जमतं, पण लय वेळ लागतो. ती उठली, हात जोडले आणि म्हणाली, "बा देवा म्हाराजा, मला वाचायला वेळ लागतो. तर मला वेळ दे." मला ‘व्हय’ म्हणवेना. तू माझ्या वाटणीचं म्हणालास.

परत निघालास त्या संध्याकाळी स्वरा आणि तिची आई स्टॉपपर्यंत आल्या. गाडी आली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तू माझ्या हातावर चापट मारलीस आणि स्वराकडे बघितलंस. ती पाटीसमोर उभी राहिली. दे... व... कंडक्टर घंटा मारायला लागला. तू एक पाय पायरीवर ठेवून त्याला म्हणालास, "थांबा मां वायच. चेडू वाचता हा." आणि थांबला की रे तो! आतली माणसं माना काढून बघायला लागली, पण कोणी हसलं नाही. "देव... गड. देवगड!"

तू चढलास, आणि वर जाऊन कंडक्टरला विचारलंस, "देवगडचीच मां?" खालून स्वरा, तिची आई आणि मी, तिघी एकदम ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

मला विचारतात, तुझं घर कुठलं, गावचं की इथलं? पूर्वी मी मे महिन्याच्या सुट्टीत गावचं आणि जूनपासून इथलं सांगायचे. त्या संध्याकाळी स्टॉपवरून परत येताना स्वरा दुकानांच्या पाट्या वाचत होती, एकेक अक्षर करत. दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला. मी घाई केली नाही. आपल्या माणसासाठी थांबतात ना, तेच घर दादा. तुझ्यासाठी मी फार उशिरा थांबले.