एकवीस तारीख नसलेला कागद

माझी नात गौरम्मा लातुरात कॉम्प्युटरचं ऑफिस चालवते. बियाण्यांच्या दुकानावरची एक खोली, कुरकुरणारा पंखा आणि दोन माणसं: ती आणि औशाचा गुरुलिंग. तिसरा मी, पण मी कामाचा नव्हे. उदगीरकडच्या गावशाळेत चौथी झालेला. पणजीचं नाव ठेवलं म्हणून पोर लहानपणी रुसायची. आता त्याच नावाची पाटी दारावर आहे. जिना चढताना मी ती रोज वाचतो, आणि उतरतानाही.

रेल्वेनं लातुराला पाणी आलं त्या वर्षीचा मे महिना. त्या आठवड्यात तिच्या टेबलावर तीन कामं होती. एक, शिकवणीच्या क्लासचं वेळापत्रक. दुसरं, उदगीर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून सह्या गोळा करणाऱ्या मंडळींची यादी; ते तासातासाला फोन करायचे, जसा काही जिल्हा हिच्याच टेबलावर अडला होता. तिसरं, टँकरच्या पाळ्या. शहराबाहेरच्या चाळीस वस्त्या, प्रत्येकीला आठवड्यातून एक दिवस टँकर. पाळी हुकली की ती वस्ती पंधरा दिवस कोरडी.

टँकरचा कंत्राटदार सोमवारी येऊन गेला. "बुधवारी कागद ड्रायवरांच्या हातात पायजे, ताई. कागदावर असंल तिथंच गाडी जाईल. आपली मनमानी न्हाई."

दोन दिवसांत नवीन काय बांधणार? गौरम्मानं क्लासचं वेळापत्रक उचललं, तासांच्या जागी खेपा घातल्या, वर्गांच्या जागी वस्त्या. रविवारची सुट्टी तेवढी आठवणीनं काढली.

"गौराक्का, एकदा तपासून घेऊ," गुरुलिंग म्हणाला.

"तू सह्यांचं बघ. त्यांचा परत फोन आलाय."

मंगळवारी मी त्यांना आमच्या शाळेच्या घंटेची गोष्ट सांगत होतो. घंटेवर शाळा भरायची, आणि त्याच घंटेवर बाया विहिरीवर निघायच्या. एकदा शाळेला सुट्टी लागली. घंटा वाजली नाही. बाया दुपारपर्यंत घागरी घेऊन ओट्यावर बसून राहिल्या.

"अज्जा, ही गोष्ट तिसऱ्यांदा झाली," गौरम्मा म्हणाली.

"गोष्ट तीच हाय, ऐकणारे नवे होतील म्हणून वाट बघून राहिलो."

गुरुलिंग हसला. ती हसली नाही. बुधवारी कागद गेले, पाऊस पडेपर्यंतचे, थेट जुलैअखेरपर्यंतचे. गुरुवारी सगळं शांत होतं. त्या शांततेचं मला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

शुक्रवारी दुपारी कोंडाबाई जिना चढून आल्या. अंगणवाडीच्या सेविका, त्यांच्या वस्तीत पाण्याची रांग त्याच लावायच्या. ड्रायव्हरकडून मागून आणलेल्या कागदाची घडी त्यांनी टेबलावर उलगडली.

"पोरी, आमची पाळी शनिवारची. हितं वीस तारीख हाय, बावीस हाय. एकवीस कुठं हाय?"

गौरम्मानं बोट फिरवलं. एकवीस नव्हती.

"उद्या बुद्ध पौर्णिमा," कोंडाबाई म्हणाल्या. "आमच्या घरोघरी पाव्हणे आलेत. खीर करायची हाय. वस्तीतली पोरं म्हणून राहिलीत, आमच्याच सणाला आमचंच पाणी तोडलं. मी म्हणलं, आधी इचारून येते."

पंखा कुरकुरत होता. गौरम्मा माझ्याकडे बघत होती. "अज्जा, घंटा," ती एवढंच म्हणाली. रविवार काढला होता; क्लासच्या सरकारी सुट्ट्या तशाच राहिल्या होत्या.

कंत्राटदाराचा फोन बंद. टँकर भरतात तिथला माणूस म्हणाला, "उद्या कागदावर कायच न्हाई, म्हणून ड्रायवर गावाला गेले." गुरुलिंगनं मोटरसायकल काढली, चाकूरकडे ड्रायव्हर शोधायला. शनिवारच्या वस्त्या एकूण सहा होत्या.

शनिवारी सकाळी गौरम्मा कोंडाबाईंच्या वस्तीत गेली. मी नको म्हणालो नाही, बरोबर गेलो. निळ्या पताकांखाली घागरींची रांग रस्त्यापर्यंत आली होती. पोरं टोळक्यानं उभी होती.

"कागद मी केला," गौरम्मा म्हणाली. "सुट्टीचा दिवस माझ्या हातनं गळाला. कुणी सांगून केलं न्हाई."

"हाव, तुमच्या सणाला गळला असता का?" एकानं विचारलं.

 आमची लिंगायतांची बसवजयंती महिन्याच्या सुरुवातीलाच झाली होती. ती तिनं विसरली नसती, हे मलाही माहीत होतं.

"बस हितं," कोंडाबाईंनी तिला घागरींच्या रांगेत जागा दाखवली. "गाडी येईस्तोवर उठायचं न्हाई."

ती बसली. ऊन डोक्यावर आलं, पताका हलेनाशा झाल्या, पाहुण्यांची लेकरं पाणी मागून रडायची थांबली. चार वाजता धूळ उठली. गुरुलिंग पुढं, मागं एक टँकर, अर्धा भरलेला. एकच ड्रायव्हर मिळाला होता आणि सहा वस्त्या त्यालाच करायच्या होत्या. घरटी दोन घागरी निघाल्या.

रांग सरकत असताना कोंडाबाई गौरम्माजवळ आल्या.

"ईद कवा हाय?"

"जुलैत."

"तवा कुनाची पाळी हाय, बघितलंस?"

गौरम्मानं पर्समधून कागद काढला, जुलैचं पान उलगडलं. बोट खाली खाली गेलं आणि थांबलं. ईदची तारीखही नव्हती. तिनं गुरुलिंगकडे पाहिलं; ड्रायव्हरांकडचे कागद परत आणायला त्यानं गाडीची किल्ली पुन्हा हातात घेतली.