खडकपूर्णाची मरळ आणि तिचा जळगाव जामोदपर्यंतचा प्रवास

मोरबीत टाइल्सच्या कारखान्यात माझी ड्युटी भट्टीवर असते. भट्टीला वार नसतो. ती सोमवारी जेवढी तापते तेवढीच रविवारी. पाळ्या बदलत राहतात आणि आपण आज कोणता वार आहे हे विसरून जातो. ही गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जो घोटाळा झाला तो यातूनच झाला.

जानेवारीत सुनीताचा फोन आला. सुनीता माझी धाकटी बहीण, जळगाव जामोदला दिलेली. सातवा महिना सुरू होता.

"भाऊ, मले मरळ खावीशी वाटून राह्यली."

"मंग सांग ना जावईबापूले. बाजारात भेटते."

"बाजारातली नाही. तू पकडलेली."

आम्ही जानेफळचे. लहानपणी नाल्यावर मी गळ टाकायचो आणि ही डबा धरून बसायची. आई रस्सा करायची. आता आई नाही, बाबाही नाहीत. सुनीताचं माहेर म्हणजे मी, आणि मी राहतो मोरबीत दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणांत. डोहाळे माहेराने पुरवायचे असतात. आता माहेर काय उत्तर देणार? मी म्हटलं, "आणतो." सुपरवायझरकडून आठवड्याची सुट्टी मागितली. चार पाळ्या जास्तीच्या करायच्या अटीवर मिळाली.

सुरतहून भुसावळकडच्या गाडीने मलकापूरला उतरलो. तिथून बहिणीचं गाव फार लांब नाही, पण हात हलवत तिच्या दारात जायचं नव्हतं. म्हणून उलट्या दिशेला, दक्षिणेला निघालो. मलकापूर ते बुलढाणा एसटीने घाट चढताना खिडकीजवळ बसा. गाडी वर जाते तशी हवा थंड होते आणि खाली हरभऱ्याचे, गव्हाचे तुकडे गोधडीसारखे दिसतात. बुलढाण्याहून चिखली, चिखलीहून देऊळगाव राजा. बालाजीच्या मंदिराजवळ साधी लॉज मिळाली. गरम पाणी बादलीने मिळतं, ते सकाळी सहालाच मागून घ्या, नंतर संपतं.

मोरबीच्या आमच्या खोलीत देऊळगाव राजाकडचा एक जण आहे, त्याने सांगितलं होतं की खडकपूर्णा धरणाच्या मागच्या अंगाला, जिथे पाणी उथळ आहे आणि बाभळी अर्ध्या बुडालेल्या आहेत, तिथे मरळ आहे. मंगळवारी सकाळी मी तिथे जाऊन बसलो. बांबूची काठी, गळ, गांडुळं. दुपार झाली, संध्याकाळ झाली. दोन बोटाएवढे मासे लागले, ते मी सोडून दिले. मरळीचा पत्ता नाही.

बुधवारी सकाळी पुन्हा गेलो. गळ टाकून अर्धा तास झाला असेल, थर्माकोलच्या तराफ्यावर बसून एक म्हातारा वल्हवत माझ्याकडेच आला.

"कोण रे तू? काहून टाकलास गळ इथं?"

"मासे पकडून राह्यलो, काका."

"ते दिसतंय. धरण सोसायटीच्या ठेक्यात आहे. इचारलंस का कोणाला?"

मी विचारलं नव्हतं. नाल्यावर मासे धरणाऱ्या माणसाला धरणाचा ठेका असतो हे सुचतच नाही. (वाचणाऱ्यांनो, तुम्ही मात्र आधी विचारा. काठावरच सोसायटीची माणसं असतात.) मी काठी गुंडाळायला लागलो आणि गुंडाळता गुंडाळता सगळं सांगून टाकलं. बहीण, सातवा महिना, आणि ती बाजारातली नको म्हणते.

म्हाताऱ्याने तराफा काठाला लावला. "गांडुळावर मरळ धरतोय हा," तो स्वतःशीच म्हणाला. "आन् तेही सकाळी सातला! थंडीत मरळ सुस्त असते बाप्पा. उन्हं वर आल्याशिवाय तोंड उघडत नाही. बस इथं. भाकर खाल्ली का?"

ते नामदेवकाका. त्यांच्या जाळ्यात सकाळीच दोन मरळी आल्या होत्या. त्यातली एक त्यांनी हातात धरून दाखवली. "ही घेऊन जा, अन् सांग मीच धरली. कोणाला कळतंय?"

मला मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण सुनीता मला डोळ्यात बघून विचारणार हे माहीत होतं. "नाही काका. मलेच पकडावी लागते."

"मग हट्टी बहिणीचा हट्टी भाऊ," म्हणून त्यांनी मरळ परत टोपलीत टाकली. आम्ही त्यांची भाकरी आणि ठेचा खाल्ला. मग त्यांनी मला छोटी जिवंत मासळी दिली, ती पाठीतून गळाला कशी लावायची ते दाखवलं आणि एका वाकलेल्या बाभळीकडे बोट केलं. "तिच्या सावलीत टाक. ओढलं की लगेच झटका नको देऊ. मनात दहा म्हण, मग ओढ."

दीडच्या सुमाराला दोरी चालली. मी दहा म्हणायला लागलो आणि सहावरच ओढलं. काका ओरडले, "अरे दहा!" पण लागली होती. दोरीने माझी तर्जनी चिरली, पाय चिखलात गुडघ्यापर्यंत गेला, आणि मरळ काठावर आली. काळी, चकचकीत, सापासारखं डोकं. सव्वा किलोच्या वर असेल. मी तिथेच नाचलो. काकांनी फोटो काढला, त्यात माझं डोकं कापलं गेलंय पण मरळ पूर्ण आली आहे.

"मरळ मेलेली न्यायची नसते," काका म्हणाले. "ती वर येऊन हवा घेते, थोड्या पाण्यातही जगते. जिवंतच ने." त्यांनी तराफ्यावरचा पिपा दिला. पिपा म्हणजे पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबा, वरचं तोंड कापलेलं, तारेची कडी लावलेली. मी खिशात हात घातला तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"पैसे नको. पिपा तेवढा वापस आण. अन् खाली आणू नको."

आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, एवढं मलाही माहीत होतं. मी हो म्हटलं आणि चिखलीची गाडी धरली.

चिखली स्टँडवर चहा घेतला आणि सुनीताला फोन लावला. "पकडली वं! येऊन राह्यलो!"

ती आधी किंचाळली, मग तिने विचारलं, "भाऊ, आज कोणता वार हाय?"

मला सांगता येईना.

"बुधवार. तू पोहचशील तवा नऊ वाजतीन. सासूबाईचा गुरुवार राह्यते. बुधवारी दिवे लागले की त्या चुलीचा वटा धुऊन घेतात. मासा मंग अंगणातबी नाही चालत."

"मंग परवा?"

"परवा शुक्रवार, चालते. शनिवारी पुन्हा मारुतीचा वार."

आणि शुक्रवारी रात्री माझी नांदुऱ्याहून परतीची गाडी. म्हणजे शुक्रवार दुपार, एवढी एकच वेळ. तोपर्यंत मरळ जिवंत ठेवायची होती. मरळ मेली तर माहेराचा शब्द गेला.

खामगावच्या गाडीत शेवटून तिसऱ्या बाकावर बसलो, पिपा पायांत. अर्ध्या वाटेत पुढच्या बाकावरच्या आजीबाई ओरडल्या, "कोणाचं लेकरू हाय बाप्पा, पाय ओले झाले!" पाणी गाडीभर पसरत चाललं होतं. पिप्याचा खालचा कोपरा गळत होता.

कंडक्टर बाई आल्या. "पाणी कोणाचं हे?"

"मरळीचं," मी म्हटलं.

त्यांनी पिप्यात वाकून पाहिलं. मरळीने तोंड वर काढून हवा घेतली. "हिचं तिकीट?"

सगळे हसले. मी परत सगळी कथा सांगितली, बहीण, सातवा महिना, गुरुवार. कंडक्टर बाईंनी माझं ऐकून घेतलं, आपली पाण्याची बाटली काढली आणि पिप्यात ओतली. "माह्या पहिल्या वेळी मले चिंचेची कोवळी बोटुकं खावीशी वाटे. कोणी आणून देल्ली नाही," एवढंच बोलून पुढे गेल्या. मग आजीबाईंनी आपली बाटली ओतली. मागे कापसाच्या कामावरून परतणाऱ्या बाया होत्या, त्यांनी कॅन दिला. एका मास्तरांनी फिल्टरचं पाणी द्यावं की नाही यावर थोडा विचार केला आणि मग तेही ओतलं. कोपऱ्याला कोणीतरी साबणाची वडी दाबून लावली. ती थोडा वेळ टिकली. खामगाव येईपर्यंत अख्खी गाडी वळून वळून विचारत होती, "हाय का जिती?"

स्टँडवर उतरून पत्र्याला डाग देणारा विचारला. दोन गल्ल्या सोडून शब्बीरभाईंचं दुकान, पेट्या आणि धान्याच्या कोठ्या बनवतात. ते शटर ओढतच होते. पिप्यात पाहून म्हणाले, "डाग देतो, पण पहिले हिले बाहेर काढा लागते. चला घरी, हौद हाय."

घर दुकानाच्या मागेच. मरळ हौदात सोडली, ती तळाला जाऊन बसली. शब्बीरभाईंची आई, अम्मी, बाहेर आल्या. मी विचारलं, एक रात्र इथे ठेवू का? उद्या गुरुवार आहे म्हणून घरी नेता येत नाही.

"एक काऊन, दोन रात ठेव. वार मोडू नको बेटा, लेकीच्या घरचा मान राह्यते," अम्मी म्हणाल्या. "अन् तूबी इथंच राह्य. जेवला का?"

बोलणं चालू असताना हौदातून फाड्‌कन मरळ बाहेर! अंगणात घसरत मोरीकडे निघाली. शब्बीरभाई एकीकडून, मी एकीकडून. शेवटी अम्मींनी आपली ओढणी टाकून ती झाकली आणि उचलली. मग हौदावर खाट आडवी टाकली. आणि खाट हलू नये म्हणून अम्मी स्वतः त्यावर जाऊन बसल्या, सुपारी कातरत.

गुरुवारचा दिवस मी तिथेच काढला. शब्बीरभाईंना पत्रे धरू लागलो. दुपारी गल्लीतल्या बाया तांदूळ निवडायला म्हणून खाटेवरच येऊन बसल्या. खालून मरळ हवा घ्यायला यायची तेव्हा 'बुडुक' असा आवाज व्हायचा आणि सगळ्या एकदम म्हणायच्या, "जिती हाय." त्या दिवशी शब्बीरभाईंच्या घरी खिचडी आणि आंबट वरण होतं. नंतर कळलं, मी असेपर्यंत घरात मटण आणायचं नाही असं अम्मींनी सांगितलं होतं. मला गुरुवार आहे असं त्यांनी धरलं होतं. मला कुठला गुरुवार! पण मी बोललो नाही, दोनदा वाढून घेतलं.

शुक्रवारी पहाटेच अम्मींनी डाग दिलेल्या पिप्याच्या तोंडाला आपली तीच मलमलची जुनी ओढणी बांधली, म्हणजे मरळ उडी मारणार नाही आणि हवाही जाईल. खामगावहून नांदुरा, तिथून जळगाव जामोद. सकाळच्या गाडीत जागा मिळते. पूर्णा नदी ओलांडली की सपाट रान लागतं, आणि मग समोर सातपुड्याची निळी रेघ. मी पिपा मांडीवर धरून ती रेघ बघत होतो.

सुनीता दारात उभी होती, पोटावर हात ठेवून. तिने पिप्यात पाहिलं, मग माझ्याकडे. फोटो दाखवायला मी मोबाइल काढला तर तिने तो घेतलाच नाही. माझा हात उलटा करून चिरलेली तर्जनी पाहिली.

"हाव," ती म्हणाली. "तूच पकडली."

तिच्या सासूबाईंनी राख-मीठ लावून मरळ चोळली. चूल पेटवून त्यांनी सुनीताला विचारलं, "तुही आई कशी करे?" सुनीता पाटावर बसून सांगत गेली. कांदा निखाऱ्यावर भाजायचा, खोबरं काळं होऊ द्यायचं, रस्सा पातळ, भाकरीत मुरला पाहिजे. सासूबाई सांगितलं तसं करत गेल्या. एका जागी फक्त म्हणाल्या, "इतकं पातळ?" सुनीता म्हणाली, "इतकंच." डोकं तिने खाल्लं, लहानपणी ते मी खायचो. तिसऱ्या भाकरीला ती रडली, आणि रडता रडता चौथी मागितली.

रात्री मी गाडीत होतो. फोन वाजत राहिला. काका: "दिली का?" शब्बीरभाई: "अम्मी इचारून राह्यल्या, मछली पहुँची क्या?" कंडक्टर बाईंचा नंबर माझ्याकडे नाही, नाहीतर त्यांनाही सांगितलं असतं.

हे लिहितोय तेव्हा मोरबीत पाळी संपवून आलोय. काल सुनीताला मुलगी झाली. पिपा तिच्या माळ्यावर घासून ठेवलेला आहे. सासूबाईंनी त्यात ज्वारीही भरू दिली नाही, म्हणाल्या, तो भरून वापस जायचा हाय. बाराव्या दिवशी बारसं आहे. पिपाभर घुगऱ्या घेऊन मी तीच वाट उलटी जाणार, आधी खामगाव, मग खडकपूर्णा. वार कोणता येतो ते यावेळी आधीच कॅलेंडरवर पाहून ठेवलंय.

ओढणी मात्र परत जाणार नाही. आमच्याकडे बाळाचं पहिलं झबलं म्हाताऱ्या माणसाच्या जुन्या मऊ कापडाचं शिवतात. आमच्या आईचं लुगडं कोणाकडे उरलेलं नाही. सुनीताने अम्मींना फोन करून विचारलं, ओढणी ठेवून घेऊ का? अम्मी म्हणाल्या, "मासोळीचा वास येईल ना बेटी."

सुनीताने ती सात वेळा धुतली आहे. ती म्हणते, अजून थोडा येतोच.