सगळ्या रकान्यांत ‘सक्षम’

पालघरच्या सर्जननी माझ्या उजव्या हाताची पट्टी सोडली, काळी पडलेली कातडी पाहिली आणि म्हणाले, “एक्स्ट्राव्हसेशन.” म्हणजे शिरेत जायचं औषध शिरेबाहेर मांसात झिरपणं. मेलेली कातडी काढून तिथे मांडीची लावावी लागेल, असं त्यांनी सांगितलं.

आठ दिवसांपूर्वी हातापायांत गोळे येत होते म्हणून मी बोईसरच्या एका खाजगी रुग्णालयात दाखल झाले होते. रक्तात कॅल्शियम फार कमी निघालं. सलाइनच्या सुईतून कॅल्शियम सुरू झालं आणि हात पेटल्यासारखा झाला. ड्युटीवरच्या वनिता सिस्टरना सांगितलं. थोडं जळतंच, म्हणाल्या. पुन्हा सांगितलं तर त्यांनी वरून शेक दिला. औषध चालूच. हात कोपरापर्यंत सुजला.

ऑपरेशन झालं, जखम भरली. दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत.

मी तारापूरच्या औषध कारखान्यात पॅकिंगला आहे. तिथे नव्या मशीनला हात लावण्याआधी सुपरवायझर समोर उभा राहून काम करून दाखवायला लावतो. चुकलं की पुन्हा. गोळ्या पाकिटात भरायला एवढी परीक्षा.

म्हणून बोईसरच्या रुग्णालयात जाऊन विचारलं, वनिता सिस्टरांची परीक्षा कोणी घेतली? व्यवस्थापकांनी लगेच फाईल काढली. ‘कॉम्पिटन्सी असेसमेंट’, म्हणजे कर्मचाऱ्याला काम येतं का याची तपासणी. वनिताताईंच्या नावापुढे सलाइन, इंजेक्शन, रक्त चढवणं, सगळ्या रकान्यांत ‘सक्षम’. एकच तारीख, एकच पेन.

“आमच्याकडे सगळं कागदावर असतं,” ते म्हणाले.

वनिताताईंना तोवर काढून टाकलं होतं. जवळच्या सरावली गावात राहतात असं कळलं, तेव्हा मी भांडायलाच गेले. माझा हात पाहून त्यांनी मला आत बोलावलं. आधी त्या रुग्णालयात आया होत्या. नर्स कमी पडल्या तेव्हा त्यांना पांढरा ड्रेस दिला गेला.

“मला कोनी शिकवला नाय, ताई. सही कर बोलले, केली. पन चूक माझी हाय.”

हे लिहून द्याल का, असं विचारलं. त्यांनी दिलं.

ते पत्र जोडून मी तक्रार केली. चौकशी रुग्णालयाच्याच समितीने केली. नोंदी परिपूर्ण आहेत, कर्मचारी सेवेत नाही, विषय संपला, असं उत्तर आलं. ज्यांनी ‘सक्षम’ लिहिलं, ते समितीत होते.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर सुईचा हात जळताच औषध बंद करायला लावा. संकोच करू नका. मी केला.

आभार मानायचेच तर मी एकाच व्यक्तीचे मानते, जिच्यामुळे माझा हात असा झाला तिचे. चूक झाली असं बाकी कोणीच म्हटलेलं नाही.