खारपाणातल्या पऱ्हाट्या

पाहुण्यापुढे चांगलं तेवढंच ठेवायचं, ही शालिकरामची जन्माची खोड. त्याचं गाव भातकुलीकडं, खारपाण पट्ट्यात, जिथं माती आणि पाणी दोन्ही खारट. तिथल्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. म्हणून पाहुणा यायचा म्हटलं की हा गाडीला कॅन बांधून गोडं पाणी आणायचा आणि आमच्याच विहिरीचं म्हणून बिनदिक्कत पाजायचा.

हाच शालिकराम अमरावतीच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट. बावीस वर्षं काचसामान धुतलं, हातून एक बाटली फुटली नाही. भट्टीवर तर असा हात बसलेला, की प्राध्यापकसुद्धा त्याला विचारून बटण दाबत.

संशोधन करणारी आरती अकोल्याची. पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. पण हे थोड्या विजेत व्हायला एक मदतनीस पदार्थ लागतो, आणि तो बहुधा महागड्या धातूचा असतो. आरतीला तो झाडाच्या कोळशातून करायचा होता. शालिकरामनं आपल्या वावरातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचल्यावर उरलेली वाळकी झाडं, पोतंभर आणून दिल्या. दोघांनी त्या दळल्या, भट्टीत भाजल्या, कोळसा धुऊन धातूच्या पट्टीवर लेपला. ती पाण्यात बुडवून वीज सोडताच पट्टीभोवती बुडबुड्यांची झुंबड उडाली.

"काका, तुमच्या पऱ्हाट्यांबद्दल परदेशातले लोक वाचतील!" आरती म्हणाली. "अजून एक पोतं आणा."

दुसऱ्या पोत्यानं मात्र घात केला. चारदा करून पाहिलं. बुडबुडे बोटावर मोजावेत इतकेच. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, जे पुन्हा घडत नाही ते शास्त्र नव्हे, पंधरा दिवसांत जमलं नाही तर विषय सोड. तीन वर्षांची मेहनत मातीमोल व्हायची वेळ आली. आरती डबा न उघडता बसून राहू लागली.

शालिकराम दोन दिवस धुतलेलंच काचसामान पुन्हा पुन्हा धूत राहिला. बोलावं तर बावीस वर्षांची अब्रू जाते, न बोलावं तर पोरीचं नुकसान. तिसऱ्या दिवशी तो सरांच्या देखतच तिच्यापुढे उभा राहिला.

"ताई, दुसरं पोतं माह्या वावरातलं नोयच. वरूडच्या बहिनीकडून आनलं मी. गोड्या पान्यावरच्या, जाड्याजुड्या पऱ्हाट्या."

"अन् स्वतःच्या म्हणून सांगितल्या? काहून काका?"

"परदेशात नाव जाऊन राहिलं म्हनलं तुमी. तिथं काय खारपानातला माल दाखवू? मले लाज वाटली."

आता बोलणी खावी लागणार म्हणून त्यानं मान खाली घातली. सर मात्र ताडकन उठले. "म्हणजे ही करामत मिठाची तर नव्हे?" त्यांचा तर्क असा, की खाऱ्या जमिनीतलं मीठ झाडात उतरत असेल, भाजताना कोळशात बसत असेल आणि धुतल्यावर निघून जाताना असंख्य बारीक छिद्रं सोडत असेल. तिथंच काम वेगानं होत असणार. हे एरवी कुणाला कळलं असतं? खुशाल दडवता आलं असतं ते माणसानं आपल्या तोंडानं सांगितलं. मला विचाराल तर त्या इमारतीतल्या सगळ्या पदव्यांपेक्षा हे धाडस मोठं.

तिसरं पोतं शालिकरामच्याच वावरातून आलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा जमलं. आरती हसता हसता रडायला लागली. शालिकराम काचेला नाक लावून बुडबुडे बघत होता.

"त्या मातीले मी जलमभर शिव्या देल्ल्या, ताई," तो म्हणाला. "बापानं वाटनीत हेच वावर देल्लं, म्हनून सालभर त्याच्याशी बोललो नाई. बाप त गेला, आता हे दाखवू कोनाले?"