सुनेला माहेरी पाठवलं तेव्हा

गावांमध्ये मला मरणाची बाई म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, तोंडावर नुसतं ‘बाई’. पण एसटीतून उतरले की पानठेल्यावरची बोलणी थांबतात आणि मी कुठल्या गल्लीत वळते ते लोक बघत राहतात. सुरुवातीला वाईट वाटायचं. आता पाय इतके दुखतात की वाईट वाटून घ्यायला सवड होत नाही.

नोकरी सगळी गडचिरोलीच्या दवाखान्यात गेली, नर्स म्हणून. निवृत्त झाल्यावर ओळखीच्या एका डॉक्टरबाईंनी विचारलं, ज्यांना ‘आता घरी न्या’ सांगितलेलं असतं त्यांच्याकडे जाल का. त्यासाठी एक प्रशिक्षणही झालं. तिथे या कामाला डूला असं नाव होतं. मी ते गावात एकदाच वापरलं. एका म्हाताऱ्याने विचारलं, ‘म्हंजे झुला काय?’ तेव्हापासून नाव सांगत नाही. मी जाते, बसते, तोंड पुसते, कूस बदलायला शिकवते, कुठली गोळी कधी द्यायची ते समजावते, आणि पुढे काय काय होईल ते घरच्यांना आधीच सांगून ठेवते. औषधं डॉक्टरबाई देतात. बाकी मी काही थांबवत नाही आणि काही घडवतही नाही.

ज्या घराचं सांगते आहे ते चामोर्शीकडच्या एका गावात होतं, मार्कंड्याच्या जत्रेला लोक पायी जातात इतक्या अंतरावर. धानाची शेती. मुलगा चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत डंपर चालवायचा, सुटी मिळेल तसा यायचा. नात शिकायला वसतिगृहात. म्हणजे घरात दोघीच, सासू आणि सून. सासूला तोंडाचा कॅन्सर. तिकडे बाया-माणसं सगळीच तंबाखू-सुपारीचा खर्रा खातात, तिनेही जन्मभर खाल्ला होता. नागपूरला नेऊन किरणं देऊन झाली होती. गालाला भोक पडलं होतं आणि बोलणं फार जवळ कान नेला तरच कळायचं. म्हणून तिने खाटेजवळ स्टीलचा ग्लास ठेवला होता. काही हवं झालं की तो खाटेच्या दांडीवर वाजवायची. पाणी हवं, ग्लास. कूस बदलायची, ग्लास. माशी बसली, ग्लास.

पहिल्या दिवशी मी जखम कशी धुवायची ते सुनेला दाखवत होते. मिठाचं पाणी कोमट केलं, कापसाचे बोळे करून तिच्या हातात दिले आणि बॅटरी घ्यायला पिशवीकडे वळले. परत बघते तर ती बसल्या बसल्या झोपली होती, बोळा बोटांत तसाच. सासूने ग्लास वाजवला. ती दचकून उठली आणि म्हणाली, ‘हो, हो, कळलं बाई.’

मी आठवड्यातून एकदा जात असे. दर वेळी मला सून आधीपेक्षा वाळलेली दिसायची. रोवण्याचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस होते. सकाळी सासूचं करून ती धानाच्या बांधीत उतरायची, मध्येच ग्लासाची आठवण येऊन घरी पळायची, पुन्हा चिखलात जायची. शेजारणी विचारायच्या ते सासूबद्दल. हिला कोणी विचारत नव्हतं.

एकदा मागच्या अंगणात ती चिंध्या वाळत घालत होती. मी दोरीचं दुसरं टोक धरलं. ती बोलायला लागली.

‘मले एक सांगाचं हाये बाई. कोणाले सांगू नका.’

‘सांग.’

‘मले वाटते, हे आता संपून जावं. रोज वाटते. ग्लास वाजला का वाटते.’ मग माझ्याकडे न बघता, ‘पाप लागते न?’

‘मी ज्या ज्या घरी गेली, त्या त्या घरी कोणी न कोणी मले हेच सांगतलं,’ मी म्हटलं. ‘तू दमली. दमलेल्या माणसाले आणखी काय वाटन?’

त्यावर ती बरंच काही बोलली. लग्न होऊन आल्यापासूनचं. सासूचा हात कडक, जीभ त्याहून कडक. तिचा भाऊ भामरागडला आश्रमशाळेत स्वयंपाकी होता, आई त्याच्यापाशी राहायची. त्या भावाच्या लग्नाला हिला जाऊ दिलं नव्हतं, कारण ऐन रोवणा होता आणि मजूर मिळत नव्हते. ‘एकच भाऊ हाये मले,’ ती म्हणाली. ‘फोटोत पायलं लगन.’ ती रडली नाही. रिकामी बादली उचलून आत गेली.

आमचं बोलणं सासूच्या कानावर जात होतं हे मला नंतर कळलं. कुडाची भिंत, त्याला लागूनच खाट. त्या दुपारी सून बांधीत गेल्यावर मी म्हातारीचं तोंड साफ करत होते. तिने माझं मनगट धरलं आणि कान खाली न्यायला लावला.

‘तिले माहेरी पाठवा.’

मला वाटलं रागाने म्हणते आहे. ‘काऊन? काही केलं तिनं?’

तिने मान हलवली, नाही. बराच वेळ श्वास घेतला. मग एकेक शब्द आला. ‘झोपू द्या तिले. मी मेली का रडा लागन तिले. त्याच्या आधी झोपू द्या.’

इतकी वर्षं या कामात आहे, पण शेवटी माणूस गोड होतो असं मी फारसं पाहिलेलं नाही. कडक माणसं बहुतेक कडकच जातात. ती म्हातारीही पुढच्याच मिनिटाला कापूस जोरात लागला म्हणून माझ्यावर डोळे वटारत होती. पण जे बोलली ते बोलली.

सुनेला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. चिखलाच्या पायांनीच खाटेपाशी जाऊन उभी राहिली. ‘तुमी म्हटलं काय असं?’ म्हातारीने ग्लास उचलला, एकदा वाजवला आणि म्हणाली, ‘जा.’ हे मलाही स्पष्ट ऐकू आलं.

मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला रजा टाकतो, पण परवाशिवाय निघता येणार नाही. तोवर मी राहीन म्हटलं. माझ्या घरी माझी वाट बघणारं कोणी नाही, त्यामुळे अशी कामं माझ्याकडेच येतात. दुसऱ्या दिवशी सून निघाली. आष्टी, आलापल्ली करत भामरागड, म्हणजे दिवसभराचा प्रवास. जाताना तिने तीनदा मला पेजेचं प्रमाण सांगितलं. पोहोचल्यावर फोन आला, ‘जेवली मी. झोपतो आता.’ एवढंच.

मग पाऊस लागला. भामरागडला दर पावसाळ्यात नदी पुलावर चढते आणि रस्ता बंद होतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो पाऊस दोन दिवस आधी आला असता तर ती गेलीच नसती. पुलावर पाणी आलं, मग वीज गेली, मग टॉवर बंद झाला. तिचा फोन लागेना.

मुलगा कसाबसा पोहोचला, अंगावर खाणीतली धूळ पावसाने ओघळलेली. त्याच सुमारास म्हातारीने गिळणं सोडलं. पेज ओठांतून परत यायची. ग्लासाकडे हात जाईना. मी मुलाला बाहेर पडवीत बोलावलं आणि सांगितलं.

‘आता हातपाय गार पडतील. श्वास थांबून थांबून येईल. घशात घरघर होईल. तिले त्याचा त्रास होत नाही, आयकणाऱ्याले होते.’

‘मंग गाडी बोलावतो, गडचिरोलीले नेतो.’

‘माय काय म्हणली होती?’

दवाखान्यात न्यायचं नाही असं तिने नागपूरहून घरी आणल्यावर पहिल्याच महिन्यात त्याला बजावलं होतं. तरी त्याने फोन हातात धरून ठेवला, आणि मीही सोड म्हटलं नाही. पोटचा मुलगा तसा बसून राहू शकत नाही, त्याला काही तरी करायला लागतं. मी त्याला वाटीत कोमट पाणी आणि फडकं दिलं, ओठ ओले करायला सांगितलं. डंपरचं स्टिअरिंग धरणाऱ्या त्या हातांना फडकं नीट पिळता येईना. थोड्या वेळाने जमलं. मग तो पायाशी बसून पाय चोळत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. पाऊस पत्र्यावर इतका होता की घरघर ऐकू येत नव्हती, म्हणून श्वास थांबलेला आधी मला दिसला. मी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने विचारलं, ‘झालं?’ मी हो म्हटलं. तो म्हणाला, ‘तिले कसं सांगाचं?’ मला आधी कळलंच नाही कोणाला. मग समजलं, बायकोला.

सुनेसाठी थांबता येत नव्हतं. नदीकाठची जागा पाण्याखाली होती, लोकांनी गावच्या वरच्या अंगाला उंचवट्यावर चिता रचली. लाकडं ओली, पेटता पेटेनात. तोवर मुलाची बहीण ब्रह्मपुरीहून आली होती. तिने घरात पाय टाकला, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, ‘घरची सून कुठी हाये?’

मी घरी गडचिरोलीला आले. अंग मोडून ताप आला होता. पण भामरागडचा रस्ता सुरू झाल्याचं कळलं तेव्हा पुन्हा निघाले. तिला घरात शिरल्यावर कळू नये, एवढंच माझ्या मनात होतं. भावाचा फोन एकदाच लागला, तो म्हणाला निघाली ती, तिच्या फोनची बॅटरी मेलेली. मी आष्टीच्या स्टँडवर बसून राहिले. गाडीतून उतरली तेव्हा तिचा चेहरा भरलेला दिसला. डोळ्यांखालची काळी वर्तुळं कमी झाली होती. हातात पिशवी, पिशवीत बाटली. मला तिथे पाहून ती थांबली.

‘कवा?’ तिने विचारलं.

मी सांगितलं. ती स्टँडच्या बाकावर बसली. पिशवी मांडीवर घेतली.

‘कोण होतं जवळ?’

‘मी होती. तुझा नवरा होता. पाय चोळत होता.’

‘तोंड साफ होतं तिचं?’

‘होतं.’

‘पायाले लावाले तेल आणलं होतं, मोहाचं,’ ती म्हणाली. चामोर्शीची गाडी आली, आम्ही चढलो. गाडीत ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, ‘मी झोपली बाई तिथी. तिसऱ्या दिवशी जाग आली तं भाऊ म्हणे, तू जेवालेच उठत होती. इथी माय मरून राह्यली होती अन् मी झोपली होती.’

‘तिनंच झोप म्हटलं होतं तुले.’

‘हो,’ ती म्हणाली, पण त्यात जोर नव्हता.

घरी पाहुणे होते. नणंद दारातच बसलेली. तिने आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. ‘मरती बुढी सोडून माहेरी गेली. वरतून ऐन रोवण्यात.’ बसलेल्या बाया खाली बघत होत्या.

मी पुढे झाले. म्हटलं, ‘सासूनंच पाठवलं तिले. माझ्याजवळ बोलली.’

‘तिले तं बोलता येत नव्हतं,’ नणंद म्हणाली. ‘तुमी असं म्हणसालच, तुमीच पाठवलं.’

बाहेरची बाई मी. सून पिशवी घेऊन अंगणात उभी, चपलाही काढलेल्या नाहीत. तेवढ्यात मुलगा आतून आला. डोकं भादरलेलं, अंगावर पंचा. लहानपणापासून या बहिणीपुढे तो कधी बोलला नसेल असं त्याच्या उभं राहण्यावरून वाटत होतं.

‘मायनंच पाठवलं,’ तो म्हणाला. ‘माझ्यासमोर म्हणली. मी होतो इथी.’

तो नव्हता. त्या दिवशी तो खाणीत होता, मीच त्याला फोन केला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही आणि मी जमिनीकडे पाहिलं. नणंद उठून आत गेली. सुनेने चपला काढल्या, पाय धुतले आणि चुलीपाशी जाऊन बसली.

तेरवी झाली, लोक पांगले. मी पुढे त्या घरी जायचं कारण उरलं नाही. आमच्या कामात असंच होतं. ज्या घराच्या डब्यात साखर कुठे आहे हे माहीत असतं, ते घर एके दिवशी संपतं.

धान कापणीनंतर त्याच वाटेवरच्या दुसऱ्या एका गावाला निघाले होते. गाडी थांबली तेव्हा ती फाट्यावर दिसली, डोक्यावर भारा. मी उतरले. आम्ही झाडाखाली बसलो. म्हणाली, तेव्हा रडू आलंच नाही, लोक बघून राहिले होते तरी आलं नाही. मग एक दिवस खळ्यात एकटी होती तेव्हा आलं, आणि संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. नवऱ्याने काही विचारलं नाही, स्वयंपाक केला.

मग म्हणाली, ‘मायनं त्यायच्यासमोर काही म्हटलं नव्हतं. खरं न?’

‘नव्हतं.’

‘मले माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘पण त्यायनं म्हटलं.’

तिने मला पाण्याची बाटली दिली. मी पाणी प्याले. पुढची गाडी लवकर नव्हती आणि पुढच्या गावात खाटेला खिळलेले एक शिक्षक माझी वाट बघत होते. त्यांच्या बायकोने सकाळी फोनवर एकच विचारलं होतं, ‘तुमी येऊन बसान काय, मले आंघोळ कराची हाये.’ मी पिशवी उचलली आणि चालायला लागले.