टांग्याला प्रदक्षिणा

टांग्यात बसण्याआधी तो टांग्याभोवती एक फेरी मारायचा. घोड्याच्या तोंडापासून सुरुवात, मग एक चाक, मागची पायरी, दुसरं चाक आणि पुन्हा घोड्याचं तोंड. चाकाशी आला की वाकायचा, आखाला हाताची पालथी बाजू लावायचा, मान हलवायचा. मग "बराबर हाय" म्हणायचा आणि मगच वर चढायचा.

जालना स्टेशनसमोरचे टांगेवाले याला फार वैतागत. त्यातला रहीमचाचा हा आमचा नेहमीचा. तो लगाम हातात धरून आकाशाकडं बघत बसायचा आणि म्हणायचा, "साब, टांगा पुराना है, पर इतना भी नहीं. बैठो ना जल्दी!"

मी एकदा माझ्या या फेरी मारणाऱ्या मित्राला विचारलं, "आजवर कधी काही सापडलं का रे या फेरीत?"

"न्हाई."

"मंग कशाला मारतो?"

"सापडलं न्हाई, म्हणून तर बसलो ना आपण," तो म्हणाला आणि पाय पसरून बसला. यावर काय बोलणार? तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्याशी वाद घालायला गेलं की आपणच वेड्यात निघतो.

तो आमच्या गल्लीचा पायलट. खरं नाव त्याच्या आईखेरीज कुणी घेत नसे. जुन्या जालन्यात आमच्या दोघांच्या घरांना एकच भिंत. निजामाच्या राजवटीतल्या शाळेत आम्ही दोघांनी उर्दूतून गणितं सोडवली, दोघांनी एकाच मास्तरांचा मार खाल्ला. पुढं मी जिनिंग फॅक्टरीच्या ऑफिसात कापसाच्या गाठींचा हिशोब लिहायला लागलो आणि तो कॉलेजसाठी हैदराबादला गेला. तिथं कॉलेज सोडून बेगमपेठेच्या विमानतळावर विमान चालवायला शिकू लागला. गल्लीला हे कळलं तेव्हा चार दिवस दुसरा विषय नव्हता. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं की पोरगा वाया गेला.

त्याच्या आईनं मात्र वेगळी वाट काढली. लेकाला एक विमान आलं म्हणून सगळी येत नाहीत, प्रत्येक जातीच्या विमानाची वेगळी परीक्षा असते आणि पास झालं की त्या विमानाचं नाव लायसनवर चढतं, एवढं काकूंना त्यानं समजावून दिलं होतं. तेव्हापासून त्या प्रत्येक विमानासाठी राजूरच्या गणपतीला वेगळा नवस बोलायच्या. शिकाऊ विमानाला नारळ. दोन इंजिनांच्या डाकोटाला मोदक. मी एकदा गमतीनं म्हणालो, "काकू, मोठं जेट आलं तर?" त्या गंभीर होऊन म्हणाल्या, "त्याला चालत जाईन रे बाबा. पर एवढ्यात नको, गुडघे दुखून राह्यलेत."

डाकोटा आलं, नोकरी लागली, पण लग्न जमेना. मुलगा दिसायला चांगला, घर चांगलं, तरी तीन ठिकाणांहून नकार आला. लोकांना त्याची नोकरी हवेतली वाटायची. एका घरच्या आजीबाईंनी तर तोंडावर विचारलं, "बाबा, खाली कुठं नोकरी न्हाई का मिळाली?" तो घरी येऊन हे सांगताना पोट धरून हसला. मी त्याला लहानपणापासून ओळखत होतो. त्या हसण्यात त्याला लागलंय हे मला कळलं आणि मलाही वाईट वाटलं.

मग त्याच्या मामांनी कंबर कसली. मामा कापसाचे अडत्ये, परतूरच्या बाजारात नेहमीचं जाणं-येणं. तिथं रेल्वेतून रिटायर झालेले एक अप्पा होते, त्यांची मुलगी कमल लग्नाची. मामांनी बाजारात त्यांना गाठून सांगितलं, "आमचा भाचा पायलट हाय." अप्पांचा चेहरा एकदम खुलला. म्हणाले, "मंग तर आमच्यातलाच निघाला. घेऊन या जल्दी."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नाही. आमच्या लाईनीवर पायलट म्हणजे इंजिन. निजामाची किंवा बड्या साहेबाची स्पेशल गाडी निघाली की तिच्या पुढं एक नुसतंच इंजिन सोडत, रूळ धड आहेत की नाहीत ते बघायला. त्याचं नाव पायलट. त्यावर चांगला, भरवशाचा ड्रायव्हर निवडून देत. अप्पांची हयात रेल्वेत गेलेली. त्यांनी पायलट ऐकलं आणि याला समजले इंजिनाचा ड्रायव्हर. पक्की नोकरी, क्वार्टर, पास, पेन्शन. मामांना वाटलं, शेवटी एक शहाणा माणूस भेटला.

आम्ही सकाळच्या पॅसेंजरनं परतूरला गेलो. तो, मामा आणि मी. अप्पांनी बैठकीत सतरंजी अंथरलेली, पोहे आले, चहा आला. अप्पांनी विचारलं, "सध्या कोण्या सेक्शनला हाय?"

"हैदराबाद ते मुंबई," तो म्हणाला.

"मनमाडवरून?"

"न्हाई, औरंगाबादेहून सरळ."

अप्पांच्या कपाळाला आठी पडली. "सरळ कसं? सरळ लाईन न्हाई टाकलेली अजून."

"लाईन कशाला लागते? आम्ही वरून जातो."

"वरून म्हंजे?"

त्यानं बोट वर केलं. अप्पांनी छताकडं पाहिलं. मामांनी पाहिलं, मीही पाहिलं. तिथं एक पाल होती, तीही आमच्याकडंच बघत होती. मग सगळा घोटाळा एकदम सगळ्यांच्या ध्यानात आला आणि मामांना चहाचा ठसका लागला.

अप्पा रागावले नाहीत. घरी आलेल्या पाहुण्याला उठवून लावणारा माणूस नव्हता तो. पण त्यांनी कप खाली ठेवला आणि पुढचे प्रश्न ते हुद्देदाराला शोभेल अशा आवाजात विचारायला लागले.

"पगार कसा?"

मामा घाईनं म्हणाले, "कलेक्टराच्या बरोबरीचा!"

"न्हाई मामा," तो म्हणाला. "थोडा पगार बांधलेला हाय. बाकी जेवढे तास उडलो तेवढा भत्ता."

"आणि ढग आले तर?"

"विमान खाली, भत्ताही खाली."

"तुम्ही स्वतः चालवता?"

"सध्या कप्तानाशेजारी बसतो. तुमच्या भाषेत सांगायचं तर मी ड्रायव्हरशेजारी कोळसा टाकणारा फायरमन हाय म्हणा."

मामांनी डोळे मिटले. कलेक्टरापासून फायरमनपर्यंत घसरायला भाच्याला पोहे संपायचाही वेळ लागला नव्हता.

"कप्तान कधी होणार?"

"सांगता येत न्हाई. सरकारनं आता सगळ्या विमान कंपन्या एकत्र केल्यात. सगळीकडचे पायलट एका रांगेत उभे केलेत. त्या रांगेत मी कुठं हाय, ते मलाच दिसून न्हाई राह्यलं."

मी त्याला सतरंजीखालून चिमटा काढला. त्यानं माझा हात बाजूला सारला. आणि मग अप्पांनी तो प्रश्न विचारला. त्यांचा आवाज जरा उतरला होता.

"डोळे बिघडले तर?"

"दर सहा महिन्यांनी डॉक्टर तपासतो. नापास झालो की त्या दिवशी लायसन गेलं. ऑफिसात कुठं टेबल दिलं तर दिलं, न्हाईतर घरी."

अप्पांनी समोरचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "मी मेलगाडीचा ड्रायव्हर होतो. सिग्नलच्या दिव्यांचे रंग वळखायच्या तपासणीत डोळे कच्चे निघाले. पुढची सगळी वर्षं शेडात दुसऱ्यांची इंजिनं पुसली. हिच्या आईनं ते कसं सोसलं, मला माहीत हाय." त्यांनी आतल्या दाराकडं पाहिलं. "पोरीला पुन्हा तेच बघायला लावू का?"

त्यानं हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली.

कमल दाराशी उभी होती. पाटावर बसायचा कार्यक्रम आधीच उरकला होता, नाव-गाव विचारून झालं होतं. त्या काळी मुलीनं आपणहून बोलायची रीत नव्हती. पण ती बोलली. म्हणाली, "वरून गाडी दिसते का?"

तो तिच्याकडं वळला. "दिसते. धुरावरून वळखू येते. ढग न्हाईत तेव्हा आम्ही रूळ धरूनच जातो. औरंगाबाद सोडलं की जालना, मंग परतूर. रूळ दिसला की जिवाला बरं वाटतं, वाट चुकलो न्हाई म्हणून."

तिनं आशेनं वडिलांकडं पाहिलं, आणि त्यानं ते पाहिलं. माझा मित्र तिथंच फसला, हे सांगायला ज्योतिषी नको.

अप्पा उठले. "कळवतो," म्हणाले. 'कळवतो' म्हणजे काय, हे मुलगी बघायला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. आम्ही चपला घातल्या. तो पहिल्यांदाच मला असा दिसला, शाळेत निकाल ऐकून बाहेर पडणाऱ्या पोरासारखा.

दाराशी टांगा उभा होता. मामा आधीच चढून तोंड फिरवून बसले. अप्पा रिवाजाप्रमाणे पोचवायला अंगणाबाहेर आले. आणि हा आपला घोड्याच्या तोंडाशी गेला. मन कुठंतरी होतं, पण पाय सवयीनं निघाले. एक चाक झालं. वाकून आखाला पालथा हात लावला. पायरी हलवून पाहिली. मग दुसऱ्या चाकाशी गेला.

"काय बघून राह्यले?" अप्पांनी विचारलं.

"काही न्हाई. सवय हाय. विमानाला मारतो तशी फेरी मारल्याबिगर बसवत न्हाई."

"हात पालथा का लावला?"

"गरम हाय का बघायला, तेल आटलं की आख तापतो. पालथ्या हाताला चटकन कळतं."

अप्पा दोन पावलं पुढं आले. त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला सांगता येत नाही, पण मी ते विसरलेलो नाही. त्यांनी आपला उजवा हात वर केला, पालथा, आणि स्वतःच त्याच्याकडं बघत राहिले. "तेलाचा डबा घेऊन मी अशीच फेरी मारायचो," ते म्हणाले. "प्रत्येक गाडीला. फायरमन हसायचे मला. प्रत्येक आखाला असाच हात." मग ते थांबले आणि एकदम मोठ्यानं हसले. "मामा, उतरा खाली! अहो, उतरा! पाहुणे जेवून जातील. कमल, भाकरी टाक!"

मामा इतक्या घाईनं उतरले की पायरी चुकले.

लग्न परतूरलाच झालं. अप्पा वऱ्हाडात ज्याला त्याला सांगत होते, "जावई पायलट हाय, पर वरच्या लाईनीवर." काकू या वेळी लग्नाचे मोदक घेऊन राजूरला जाऊन आल्या. रांग हळूहळू सरकली आणि तो डाकोटाचा कप्तान झाला. सुटीला जालन्याला आला की टांग्याभोवतीची फेरी होतीच. कमलवहिनी वर बसून खुशाल हसत असायच्या आणि रहीमचाचा त्यांच्याकडं तक्रार करायचा.

मग चार इंजिनांची नवी विमानं आली. ज्याच्या लायसनवर त्यांचं नाव चढेल तो पुढं जाईल, उरलेले डाकोटावर म्हातारे होतील, असं तो म्हणाला. सुटीतसुद्धा जाडजूड पुस्तकं घेऊन ओसरीवर बसायचा. वहिनी चुलीपासून ओरडून विचारायच्या, "उजवीकडचं बाहेरचं इंजिन बंद पडलं, मंग?" हा ओसरीवरून उत्तर द्यायचा. चुकला तर त्या पळी आपटायच्या. ड्रायव्हरची लेक ती, तिला इंजिनाच्या बाबतीत चालढकल चालत नसे. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून मलाही ते विमान निम्मं आलं असतं.

तो पास झाला. तोवर घरात लेक आली होती, आणि बदली दिल्लीला झाली. काकूही त्यांच्याबरोबर निघाल्या. नवं विमान जेट नाही, त्याला मोदकांवर भागेल, असं त्यांनी गणपतीशी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यानंतर त्या भिंतीपलीकडून आवाज आला नाही, आणि तोही जालन्याला पुन्हा आला नाही. मला अजून करमत नाही.

शेवटचा पाहिला तो ते दिल्लीला निघाले त्या दिवशी सकाळी. रहीमचाचाचा टांगा दारात, सामान चढलेलं, काकू बसलेल्या. तो माझा हात धरून उभा होता आणि आम्ही दोघंही काहीतरी निरर्थक बोलत होतो, कापसाचा भाव वगैरे. मधेच माझं लक्ष टांग्याकडं गेलं. कमलवहिनी लेकीला कडेवर घेऊन घोड्याच्या तोंडापासून निघाल्या होत्या. एक चाक झालं. वाकून आखाला पालथा हात लावला. लेकीचा इवलासा हात धरून तोही लावला. पायरी पाहिली, दुसरं चाक पाहिलं, आणि पुन्हा घोड्याच्या तोंडाशी आल्या.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "चला."

त्यानं माझा हात सोडला आणि सरळ जाऊन वर चढला. चाकाकडं पाहिलंसुद्धा नाही.

रहीमचाचा लगाम धरून मागं वळून बघत राहिला. "साब," तो म्हणाला, "आज कुछ भूले क्या?"

"न्हाई चाचा," तो पाय पसरून बसत म्हणाला. "फेरी झाली."