सरबत, चिंध्या आणि बुधवारची दुपार

घरात शिवणाचं मशीन असलं की चिंध्या साठतात, आणि चार बायका दर आठवड्याला एकत्र बसल्या की किस्से साठतात. चिंध्या मी मधूनमधून पिशवीत भरून कुणाला तरी देऊन टाकते. किस्से टाकवत नाहीत, म्हणून सांगते.

मी कराडच्या एका शाळेत शिवणकाम शिकवायचे. रिटायर झाल्यावर घरातच क्लास सुरू केला. बुधवारी दुपारी तीन ते पाच. घरी करायची सरबतं, कापडाच्या वस्तू आणि टेबल सजावट. बायका येतात, जातात, पण पहिल्या बॅचच्या तिघी अजून टिकून आहेत. शैला, जिचे मिस्टर सैन्यातून सुभेदार म्हणून रिटायर झाले. रेखा, दवाखान्यात नर्स आहे, ड्युटी बघून येते. आणि हौसाकाकी. काकींचं माहेर आटपाडीकडचं, सासर कराडजवळच्या एका गावात, घरची ऊसशेती. त्या एसटीनं येतात आणि बरोबर पावणेतीनला बेल वाजवतात.

*

पहिल्याच दिवशी मी नॅपकिनची कमळाची घडी शिकवली. पांढरा नॅपकिन, चारी कोपरे आत, पुन्हा आत, मग उलटा करून पाकळ्या ओढायच्या. शैलाचं कमळ दुसऱ्या झटक्यात झालं. रेखाचं जरा तिरकं झालं. हौसाकाकींचं मात्र माझ्यापेक्षा देखणं. मी ते सगळ्यांना उचलून दाखवलं.

नंतर चहा झाला. काकींच्या हाताला बिस्किटाचा चुरा लागला होता. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, समोरचं कमळ उचललं, झटकन उलगडलं आणि हात पुसले.

"काकी, अहो, ते सजावटीचं होतं," शैला म्हणाली.

"व्हय गं, पण मग पुसायचं कशानं?"



*

उन्हाळ्यात पन्ह्याचा पाठ घेतला. मी फळ्यावर लिहिलं, कैरीचा गर एक वाटी, गूळ दोन वाट्या, वेलदोडा, मीठ चवीपुरतं. सगळ्या वहीत उतरवून घेत होत्या. हौसाकाकींनी पेन उचललंच नाही.

"काकी, लिहून घ्या."

"बाई, ह्ये कुणासाठी हाय?"

मला प्रश्न कळला नाही. म्हणाले, पाहुण्यांसाठी समजा.

"तसं न्हवं. उसात राबणाऱ्या माणसाला असंल तर मीठ जास्त लागतं. म्हाताऱ्या माणसाला गूळ कमी. लेकरांना आंबट कमी. सगळ्यांस्नी एकच कसं चालंल?"

बत्तीस वर्षं मी शाळेत फळ्यावर प्रमाण लिहीत आले. त्या दिवशी फळा पुसला आणि वरती आधी 'कुणासाठी' असं लिहिलं. आता दर पाठाला तसंच लिहिते.

*

गेल्या वर्षी आम्ही टेबल सजावटीची स्पर्धा ठेवली. हॉल आमच्याच सोसायटीचा, सहा टेबलं, सहा स्पर्धक. परीक्षक कोण, यावर बराच खल झाला. शेवटी शैलाच म्हणाली, "आमच्या ह्यांना बोलवा. ते बरीच वर्षं ऑफिसर्स मेसवर होते. त्यांच्याइतकी टेबलं कुणी बघितली नसतील." शैलानं स्वतः भाग घेतला नाही, म्हणजे नंतर कुणी बोलायला नको.

सुभेदारसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले. हात मागे बांधून प्रत्येक टेबलाला एक फेरी मारली. कुठे बांगड्यांचे नॅपकिन होल्डर, कुठे टेबलाच्या मधोमध खणाची लांब पट्टी, कुठे परातीत पाणी आणि त्यात पाकळ्या. एका टेबलावर तर अख्खी केळीची पानं उभी केली होती. साहेबांनी खुर्ची ओढून बसून बघितलं, गुडघा कुठं लागतो ते बघितलं, समोरच्या माणसाचं तोंड दिसतं का ते बघितलं. वहीत काहीतरी लिहिलं.

मग उभं राहून त्यांनी निकाल सांगितला. "पहिला नंबर, टेबल नंबर चार."

सगळ्यांनी माना वळवल्या. चार नंबरवर एक पांढरी चादर अंथरलेली, बाकी काही नाही.

मी हळूच म्हणाले, "भावजी, ते रेखाचं टेबल आहे. तिची ड्युटी लांबलीय. ती अजून आलेली नाही."

सुभेदारसाहेबांनी वही मिटली. "आल्यावर त्यांना सांगा, काही करू नका म्हणावं. एवढ्या एकाच टेबलावर जेवता येईल."

रेखाचं सर्टिफिकेट तिच्या घरी भिंतीवर लावलेलं आहे. ती कुणाला काही सांगत नाही.

*

याच रेखानं एकदा जांभळाचं सरबत करून आणलं. रंग सुरेख उतरला होता. तिनं साखर कमी घातली होती, पेशंट बघून बघून तिला साखरेची धास्तीच बसलीय. बाटली घट्ट बंद करून गच्चीच्या जिन्यात ठेवली आणि ड्युटीच्या गडबडीत आठवडाभर विसरली.

बुधवारी ती बाटली क्लासला आली. झाकण जरासं फिरवलं तोच ते फट्‌ करून उडालं आणि पंख्याला लागलं. माझ्या नव्या टेबल मॅटवर जांभळे ठिपके. रेखाचं तोंड एवढंसं झालं. शैलाला घ्यायला सुभेदारसाहेब तेवढ्यात आले होते, ते दारातच थांबले.

"काय झालं?"

"सरबत बिघडलं हो," रेखा म्हणाली. "टाकून देते."

साहेब आत आले. बाटलीचा वास घेतला. एका पेल्यात दोन घोट ओतले, चव बघितली, आणि पेला सावकाश खाली ठेवला.

"हे सरबत राहिलेलं नाही."

"तेच म्हणते, टाकते."

"सरबत राहिलेलं नाही म्हटलं. टाका कुठं म्हटलं?"

शैलानं त्यांना आधी घरी पाठवलं आणि मग बाटली स्वतः मोरीत ओतली.

*

शैलाचा हात कापडाच्या फुलांवर चांगला आहे. जुन्या सॅटिनच्या परकराचे तिनं जरबेरा केले, तारेचे देठ, हिरव्या पट्टीची पानं, आणि कुंड्यांत माती भरून गॅलरीत लावून टाकले. लांबून कुणी ओळखणार नाही.

मग ती महिनाभर लेकीकडे पुण्याला गेली. जाताना शेजारच्या आक्कांकडे किल्ली दिली, दूधवाल्याला नको म्हणायला सांगितलं. फुलांचं काही बोलली नाही, बोलायचं कशाला.

परत आली तर आक्का दारातच उभ्या. चेहरा पडलेला. "शैला, माझी फार मोठी चूक झाली. तुझ्या झाडांना पाणी घालायचं मी पार विसरून गेले. आज सकाळी आठवलं आणि धावत आले. पण बाई, एक फूल सुकलं नाही. तुझ्या हाताला गुण आहे."

प्रवासानं दमलेली शैला नुसती हसली. तिथंच तिचं चुकलं. दुसऱ्या दिवशी आक्का आपला वाळलेला गुलाब घेऊन आल्या. "एवढा तुझ्याकडे ठेव." मग तुळस आली. मग वरच्या मजल्यावरून एक लिंबाचं झाड आलं.

पुढच्या बुधवारी तिनं आम्हाला सांगितलं तेव्हा ती अगदी रडकुंडीला आली होती. खत काय, माती काय, रोज मोबाईलवर व्हिडिओ बघत होती.

"अगं, मग खरं सांगून टाक ना," रेखा म्हणाली.

"आता कसं सांगू? गुलाबाला कळी आलीय."

*

आता हौसाकाकींचा एक सांगते.

काकींचा मुलगा ट्रॅक्टरच्या अपघातात गेला. सून मंगल तेव्हा सव्वीस वर्षांची. तिचे आईवडील ती लहान असतानाच वारलेले, ज्या मामानं लग्न लावून दिलं तो पुढे फिरकलाही नाही. तीन वर्षांनी काकींनी मंगलसाठी स्थळ बघायला घेतलं. भावकीत कुणाला पटलं नाही. काकींचे दीर तर बोलायचे बंद झाले. मंगल आता लोणंदला सुखात आहे, नवऱ्याची तिथल्या कारखान्यात नोकरी आहे. पण सांगायचंय ते बघायच्या दिवसाचं.

काकी मला म्हणाल्या, "बाई, बघायचा कार्यक्रम तुमच्या हॉलात करू का? गावात केला तर निम्मं गाव वट्यावर येऊन बसंल."

मी म्हणाले, करा की. त्या दिवशी काकी आणि मंगल सकाळीच आल्या. येताना एक टेबलक्लॉथ आणला होता, जुन्या इरकली साड्यांचे चौकोन जोडून केलेला. दोघींनी मिळून तो अंथरला, चारी बाजूंनी सारखा लोंबतोय का ते बघितलं. मंगलच्या हाताला घाम सुटला होता. काकींनी आपल्या पदरानं तिचे तळवे पुसले. मधे एका तांब्यात चार झेंडू ठेवले, बाकी काही नाही.

पाहुणे चार वाजता आले. मुलगा, त्याची आई, त्याचे काका. मुलाची पहिली बायको आजारानं गेलेली. तो खाली मान घालून बसला होता. मंगलनं कोकमाचं सरबत दिलं. त्याच्या आईनं पेला हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं टेबलक्लॉथ चाचपून बघितला.

"कुणी शिवलाय?"

"निम्मा हिनं, निम्मा मी," काकी म्हणाल्या.

मुलाच्या आईनं मान डोलावली. थोडं इकडचं तिकडचं बोलणं झालं, पाऊसपाणी झालं. मग त्यांनी हॉलभर नजर फिरवली. मी होते, शैला होती, रेखा ड्युटीच्या कपड्यांतच आली होती.

"मुलीच्या माहेरचं कोण आलंय?"

काकींनी हातातला जग खाली ठेवला.

"मी आलीया."

"बरं. आणि सासरचं?"

"त्ये बी मीच."